दाराच्या कडेचा हिरवा

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा खेळण्यातल्या मोटारी करतो. हे वाक्य त्याच्या समोर म्हटलं की तो चष्मा कपाळावर सरकवतो आणि समजावून सांगतो, की खेळणं वेगळं आणि प्रतिकृती वेगळी. खऱ्या गाडीचे पंचवीस इंच म्हणजे त्याच्याकडे एक इंच. मी म्हणतो, बरं बाबा, प्रतिकृती. पण साठीकडे झुकलेला माणूस वीतभर मोटारीचं बोटभर दार चिमट्यात धरून त्यावर फुंकर घालत बसलेला दिसला, तर मला दुसरा शब्द सुचत नाही.

घरात त्याला सगळे जावईबापू म्हणतात. आमच्या वडिलांनी मानानं म्हणायला सुरुवात केली होती. वडील गेले, मान गेला, शब्द तेवढा राहिला. पोटापाण्यासाठी तो कवळ्या करतो. दाताचे डॉक्टर माप पाठवतात आणि हा मागच्या खोलीत बसून दात बसवून देतो. त्याच्या बाकावर डावीकडे लोकांचे दात आणि उजवीकडे मोटारी. तो कुठल्या बाजूला जास्त वेळ वाकलेला असतो, ते त्या बिनदाती लोकांना विचारावं. एका निवृत्त हेडमास्तरांची वरची कवळी आठ दिवस लांबली होती, कारण जावईबापू कवळीचं पॉलिश लावून एका बंपरला चकाकी आणत होते. हेडमास्तरांनी आठ दिवस सगळं जेवण पाण्यात भिजवून खाल्लं. हे मला बहिणीनं हसत हसत सांगितलं. तिला त्यात काही वावगं वाटत नाही. तीस वर्षांत माणूस कशालाही सरावतो.

मोटारी कुठल्या म्हणाल, तर फक्त अमेरिकन. त्याही जुन्या, लांबलचक, मागे माशासारखे पंख असलेल्या, पुढे भरपूर चांदी चोपडलेल्या. बाकीच्या जगानं मोटारी केल्याच नाहीत असा त्याचा समज आहे. आणि या गृहस्थानं आयुष्यात एकाही तसल्या गाडीत बूड टेकवलेलं नाही. बूड टेकवणं सोडा, त्याला गाडी चालवताच येत नाही. कवळ्या पोचवायला बसनं जातो. पण कुठल्या सालच्या कुठल्या गाडीला मागचा दिवा गोल होता आणि कुठल्या सालापासून लांबट झाला, हे झोपेतून उठवून विचारा. एकदा आम्ही सगळे सिनेमाला गेलो होतो. पडद्यावर नायकाचा बाप मरत होता, मागे बायकांची नाकं वाजत होती, आणि हा माझ्या कानाशी लागून सांगतोय, की दारात उभ्या गाडीच्या चाकांच्या टोप्या दोन वर्षं नंतरच्या आहेत.

त्याचं काम कसं चालतं तेही सांगतो, म्हणजे माझ्यावर अन्याय केल्याचा आळ यायला नको. परदेशातून खोका येतो. त्यात करड्या प्लॅस्टिकच्या काड्यांना लटकलेले शेदीडशे तुकडे असतात. हा ते आधी भांड्यांच्या साबणानं धुतो. मग ब्लेडच्या पाठीनं प्रत्येक तुकड्याची कड खरवडतो. बंद दारं कापून उघडी करतो आणि त्यांना तारेच्या बिजागऱ्या करतो. चांदीच्या पट्ट्यांसाठी चॉकलेटचा वर्ख काडीनं घासून बसवतो. गाडीतला गालिचा करायला बहिणीच्या जुन्या शालीची लव काढतो. आणि रंग? रंग देतो न्हाणीघरात. आधी गरम पाण्याचा नळ सोडून खोली वाफेनं भरायची, म्हणजे हवेतली धूळ खाली बसते. मग अंगावरच्या कपड्याचा धागा उडू नये म्हणून सगळे कपडे काढून ठेवायचे, फक्त चड्डी ठेवायची, आणि आत जाऊन हातातल्या चिमुकल्या फवाऱ्यानं रंग मारायचा. तेवढा वेळ घरात कोणी आंघोळ करायची नाही, दार वाजवायचं नाही, शक्यतो शिंकायचं नाही. माझी बहीण बाहेर टॉवेल घेऊन उभी.

माझं स्वतःचं म्हणाल तर मी खऱ्या गाड्या रंगवतो. ठोकलेला पत्रा सरळ करायचा, पुट्टी भरायची, घासायचं, रंग मारायचा. वडिलांनी गॅरेज काढलं, मी विसाव्या वर्षी त्यात शिरलो, आता पासष्टावं चालू आहे. छातीत रंगाची धूळ बसून बसून कायमचा खोकला जडला आहे. हा माणूस माझ्या त्या गॅरेजमध्ये येऊन काय करतो? फुकट ब्रेक ऑइल नेतो. चुकलेला रंग काढायला प्लॅस्टिक त्यात बुडवून ठेवतात म्हणे. नेलं तर नेलं, तक्रार त्याची नाही. तक्रार दोन वर्षांपूर्वीची आहे. माझं एक चांगलं गिऱ्हाईक, डॉक्टरीणबाई, आपली गाडी न्यायला आल्या होत्या. बॉनेट आरशासारखं झालं होतं. जावईबापूंनी खिशातून दात तपासायचं भिंग काढलं, बॉनेटवर वाकले, आणि बाईंच्या देखत म्हणाले, "दादा, इथे संत्र्याची साल आलीये. आणि हा एक कण अडकलाय बघा." रंग दाणेदार बसला की आमच्या धंद्यात त्याला संत्र्याची साल म्हणतात. बाईही वाकल्या. मग त्यांनाही दिसायला लागलं. एकदा दाखवलं की कोणालाही दिसतं. बॉनेट मला पुन्हा करावं लागलं आणि बाई त्यानंतर परत आल्या नाहीत. त्याला मात्र वाटत होतं की त्यानं मला मदत केली.

तेव्हापासून मी वाट बघत होतो. हा माणूस एकदा तरी चारचौघांत तोंडघशी पडावा आणि तो पडताना मी तिथे असावं, एवढीच माझी इच्छा होती. आणि ती संधी चालत आली.

एका म्हाताऱ्या बाईंची कवळी त्याच्याकडे करायला होती. त्यांची मुलगी ती न्यायला घरी आली, तिनं काचेच्या कपाटातल्या मोटारी बघितल्या आणि विचारलं, की माझ्या आईची गाडी करून द्याल का. आईची म्हणजे आईच्या मालकीची नव्हे. मुलीचे वडील एका बड्या कारखानदाराचे ड्रायव्हर होते आणि ती गाडी त्या कारखानदाराची. मुलीच्या जन्माच्या वेळी बाईंना अचानक कळा सुरू झाल्या, गल्लीत दुसरं काही मिळेना, तेव्हा नवऱ्यानं मालकाला न विचारता गाडी आणली आणि बायकोला मागच्या सीटवर निजवून दवाखान्यात नेलं. बाईंचा त्या गाडीतला तो एकच प्रवास. पण आयुष्यभर त्या तेवढं एकच सांगत आल्या होत्या. आता नवरा नव्हता आणि बाईंना काचबिंदू झाला होता. नळीतून बघावं तेवढंच दिसत होतं आणि तीही नळी कधीही बंद होईल असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. दिसतंय तोवर एकदा ती गाडी त्यांच्या हातात द्यावी, असं मुलीच्या मनात होतं.

गाडीचं नाव मी मुद्दामच सांगत नाही. सांगितलं तर जावईबापू माझ्या उच्चारातही चूक काढतील. सत्तावन्न सालची होती एवढं पुरे.

मी त्या दिवशी बहिणीकडे चहाला गेलो होतो, तेव्हा हे सगळं त्यानं रंगवून सांगितलं. मुलीनं एक जुना फोटो दिला होता, काळा-पांढरा. फाटकाशी गाडी आणि गाडीला टेकून ड्रायव्हर. सोबत गाडीच्या कागदाची एक झेरॉक्स, कारण मालक गेल्यावर त्यांच्या घरच्यांनी जुने कागद ड्रायव्हरकडेच टाकले होते. त्यावर रंगाच्या रकान्यात हिरवा लिहिलेलं. "पण कवळीवाल्या मावशी म्हणतात निळी होती," तो हसून म्हणाला. "कपड्यांच्या पाण्यात नीळ जरा जास्त पडली की होतो, तसा रंग. असा निळा त्या साली कंपनीनं काढलाच नाही. एक पांढुरका होता आणि एक काळपट. मधला नाहीच." असं म्हणून त्यानं आपली फाइल उघडली. प्रत्येक सालच्या रंगांचे तक्ते तो त्यात लावून ठेवतो, जसे इतर लोक घराचे कागद ठेवतात.

मी फोटो हातात घेतला आणि चहाचा कप खाली ठेवला. फोटोतल्या माणसाला मी ओळखत होतो. आम्ही त्यांना नुसतं भाऊ म्हणायचो. त्यांची गाडी आमच्याकडे रंगायला होती तेव्हा तीन दिवस ते आमच्या गॅरेजमधल्या स्टुलावर बसून होते, गाडीला सोडून घरी जायला तयार नव्हते. ती गाडी मूळची हिरवी होती हे खरं. मालकीणबाईंना तो रंग दवाखान्याच्या भिंतीसारखा वाटला आणि त्यांनी तो बदलायला लावला. वडील तेव्हा आजारी होते. विसाव्या वर्षी, आयुष्यातली पहिली मोठी गाडी म्हणून, ती मी रंगवली होती. निळी. पाण्यात नीळ जरा जास्त पडली की होतो तशी.

बहिणीनं विचारलंसुद्धा. म्हणाली, "दादा, त्या कारखानदारांच्या बंगल्यावरच्या गाड्या आपल्याकडेच यायच्या ना?"

"बाबांच्या वेळी येत असतील," मी म्हणालो. "मला नाही आठवत."

खोटं इतक्या सहज तोंडातून आलं की माझं मलाच कौतुक वाटलं. मनात चित्र उभं राहिलं होतं. हा तीन महिने खपणार, चड्डीवर उभा राहून हिरवा रंग मारणार, मोठ्या दिमाखात खोका उघडणार आणि म्हातारी म्हणणार, ही नव्हे. भिंग घेऊन फिरणाऱ्या माणसाला अख्खा रंग दिसला नाही. मी मनातल्या मनात किती वेळा हसलो ते सांगत नाही.

तीन महिन्यांनी गाडी तयार झाली. खोका बसमध्ये हिंदकळेल म्हणून न्यायचं कसं असा प्रश्न पडला, तर मी आपण होऊन म्हणालो, मी गाडी काढतो. बहिणीला भरून आलं. दादाचा राग गेला म्हणाली.

बाई मुलीकडे राहत होत्या. तळमजल्याची खोली, खिडकीशी खुर्ची. पंचाहत्तरीच्या असतील. जावईबापूंनी केलेली कवळी त्यांना व्यवस्थित बसली होती, तेवढं कबूल करतो. त्यानं खोका उघडला आणि गाडी त्यांच्या हातात दिली. खरं सांगायचं तर मी ती तेव्हाच नीट बघितली. चिमुकल्या आरशात खिडकीचा चौकोन दिसत होता. हँडलाच्या खाली किल्लीचं भोक होतं. हिरवा रंग असा बसला होता की कुठे हात फिरला हे कळू नये. मला संताप आला, कारण त्यात चूक काढायला काही नव्हतं.

बाईंनी गाडी डोळ्यांच्या अगदी जवळ धरली आणि हळूहळू या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवली. पुन्हा उलटी सरकवली. मग म्हणाल्या, "सुंदर केलीये हो. कोणाची आहे?"

ज्या क्षणाची मी तीन महिने वाट बघितली तो हाच. मुलगी गडबडून म्हणाली, आई, आपलीच आहे, बाबांची. बाई म्हणाल्या, यांची निळी होती. आणि आता जावईबापूंनी चूक मान्य करून मान खाली घालावी की नाही? त्यांनी फाइल उघडली. जिला हातभर अंतरावरचं धड दिसत नाही तिच्यापुढे रंगांचे तक्ते पसरले. त्या साली किती रंग निघाले, निळे किती, तुम्ही म्हणता तो त्यात कसा नाही, सरकारी कागदावर काय लिहिलंय, सगळं सांगितलं. आवाज मऊ होता. शाळेतल्या मंद मुलाला समजावतात तसा. वर असंही म्हणाले, की आठवणीत रंग बदलतात, मावशी, सगळ्यांचंच होतं.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "एवढं कागदावर आहे म्हणजे माझंच चुकत असेल. पडल्या पडल्या उघड्या दाराच्या कडेला हिरवं दिसत होतं, ते मला पक्कं आठवतंय. बाकीचं निळं मग मीच मनानं लावलं असेल." आणि त्यांनी गाडी परत त्याच्या हातात दिली. ज्याची असेल त्याला द्या म्हणाल्या.

मी खोकलो. बोलायला तोंड उघडलं होतं, पण बोललो असतो तर तीन महिन्यांचं गप्प बसणंही सांगावं लागलं असतं. म्हणून नुसताच खोकलो. मी जावईबापूंना पडताना बघायला गेलो होतो आणि ते जागच्या जागी उभे होते. पडल्या त्या बाई. पंचेचाळीस वर्षं जवळ ठेवलेली एक गोष्ट त्यांनी आमच्या देखत खोटी ठरवून टाकली. मुलगी फाटकापर्यंत आली तेव्हा म्हणाली, लहानपणापासून ती हीच गोष्ट ऐकत आली होती, निळ्या गाडीत तिचा जन्म होता होता राहिला. आता आई ती सांगेल असं वाटत नाही. मला लाज वाटली. लाज वाटली आणि तरी मी गाडीत बसून किल्ली फिरवली.

परतताना खोका त्याच्या मांडीवर होता. "झालं मग," मी म्हणालो. "पटलं त्यांना." त्यानं खोक्याचं झाकण पुन्हा एकदा दाबून बघितलं.

दहाव्या दिवशी तो गॅरेजमध्ये आला. दुपारची वेळ होती, मी एका व्हॅनच्या दाराला पुट्टी भरत होतो. नेहमी आला की तो आधी इकडेतिकडे बघून कुठे काय चुकलंय ते शोधतो. त्या दिवशी सरळ माझ्यापाशी येऊन उभा राहिला.

"दादा, गाडी मुळातच हिरवी असती तर दाराच्या कडेचा हिरवा मावशींना वेगळा कशाला आठवला असता?"

मी पुट्टी भरत राहिलो. तो एकटाच बोलत होता. गाडी वरून रंगवलेली असणार. आणि ज्यानं रंगवली त्यानं दारं बंद ठेवून फवारा मारला, आतल्या कडा तशाच सोडल्या. दार उघडलं की जुना रंग दिसत असणार. मावशी मागच्या सीटवर आडव्या होत्या, तिथून बरोबर ती कड डोळ्यांपुढे येते. त्यानं म्हणे आपल्या मोटारीत काडी आडवी ठेवून बघितलं होतं. "त्या निळ्याचा पुरावा म्हणजे कोणाचा तरी कामचुकारपणा आहे बघा," तो म्हणाला. त्याच्या आवाजात कुचकेपणा नव्हता. त्याला नुसता शोध लागल्याचा आनंद झाला होता.

"घाई असली की सोडतात कडा," मी म्हणालो. मालकीणबाईंना गाडी चौथ्या दिवशी हवी होती. आणि मी वीस वर्षांचा होतो, मला कडांचा कंटाळा आला होता, हेही खरं.

हिरवा रंग काढायला ब्रेक ऑइल पाहिजे म्हणाला. माझे हात भरलेले होते. मी म्हणालो, कपाटात आहे, घ्या. आमच्या वडिलांची एक सवय होती. रंगवून झालेल्या प्रत्येक गाडीच्या रंगाचा, फवारा धुवायच्या आधी, अंगठ्याएवढा एक ठिपका ते हत्यारांच्या कपाटाच्या दाराला आतल्या बाजूनं मारायचे आणि खाली गाडीचा नंबर आणि साल लिहायचे. ती गाडी पुन्हा कुठे घासून आली तर रंग जुळवायला तेवढं पुरतं. मी अजूनही तसंच करतो. जावईबापूंनी ते कपाट स्वतः कधी उघडलं नव्हतं, कोणीतरी त्यांना डबा काढून द्यायचं. मी घ्या म्हणालो तेव्हा मला त्या दाराची आठवण नव्हती की होती, हे मला अजून नक्की सांगता येत नाही.

कपाट उघडल्याचा आवाज आला. डबा काढल्याचा आला नाही. बऱ्याच वेळानं मी वळून बघितलं तर तो चष्मा कपाळावर ठेवून दाराशी नाक लावून उभा होता. ठिपका वरून तिसऱ्या ओळीत आहे. खाली नंबर, साल, आणि 'वरून निळा, मालकीणबाईंच्या पसंतीनं'. वडिलांचं अक्षर बारीक आणि तिरकं होतं. हे मोठं आणि उभं. त्याच्या घरच्या फ्रिजवर याच अक्षरात मी लिहून दिलेला प्लंबरचा आणि गॅसवाल्याचा नंबर चिकटवलेला आहे.

तो वळला आणि माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता बोलेल. मी काय उत्तर द्यायचं तेही तयार करत होतो. डॉक्टरीणबाईंच्या बॉनेटचा विषय काढणार होतो.

"थोडा काळा टाकला होता का यात?" त्यानं विचारलं.

"थेंबभर," मी म्हणालो.

एवढंच. मग तो घरी जाऊन आपल्या रंगाच्या बाटल्या घेऊन आला, कपाटाच्या दाराशी स्टूल ओढलं, आणि संध्याकाळपर्यंत एकेका पुठ्ठ्याच्या तुकड्यावर रंग लावून, वाळवून, ठिपक्याला टेकवून बघत बसला. तेच स्टूल होतं. भाऊंचं.

हिरवा रंग उतरवून निळा चढवायला चार आठवडे गेले. प्रत्येक हात नीट वाळू द्यावा लागतो, घाई केली तर खालचं सगळं सुरकुततं, आणि घाई करणं त्याच्या रक्तात नाही. बाईंच्या डोळ्यांचं काय हे मी दोनदा विचारलं. चिडूनच विचारलं. तो म्हणाला, उद्यापासून पॉलिश.

तयार झाल्यावर पुन्हा मीच घेऊन गेलो. मुलीनं दार उघडलं आणि आम्हाला बाहेरच थांबवून सांगितलं, की आठ दिवस झाले. सकाळी उठल्या आणि म्हणाल्या, दिवा लावा. आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं.

तो दारातच खोका धरून उभा राहिला. मला वाटलं तो परत फिरेल. मी तरी फिरलो असतो. तो आत गेला, बाईंच्या खुर्चीपाशी खाली बसला आणि गाडी त्यांच्या हातात दिली.

"निळी आहे, मावशी," तो म्हणाला. "तुमचंच बरोबर होतं. माझा कागद चुकला." मग त्यानं त्यांचं बोट धरून मागच्या दारावर नेलं आणि नखानं ते दार उघडायला लावलं. "इथे कडेला हिरवा आहे. तो ठेवलाय तसाच."

चार आठवड्यांत त्यानं सगळी गाडी निळी केली होती आणि दारांच्या कडा झाकून जुन्या हिरव्यात ठेवल्या होत्या. माझा वीस वर्षांचा असतानाचा कंटाळा, पंचवीस पट लहान करून, अगदी जिथल्या तिथे. बाई त्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या. मग हसल्या. त्याच्याच दातांनी हसल्या. मुलीला म्हणाल्या, सांगत होते ना मी. आणि त्या प्रवासाची गोष्ट सुरुवातीपासून सांगितली, भाऊंनी वाटेत दोनदा हॉर्न वाजवला आणि मालकाच्या घराजवळून जाताना मुद्दाम वाजवला नाही, इथपर्यंत.

सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, की रंगाचा पत्ता कसा लागला. जावईबापूंनी सरळ सांगून टाकलं, ज्यांनी रंगवली त्यांच्याकडून. इथेच बसलेत.

बाईंनी माझ्या दिशेनं तोंड वळवलं, जरा चुकीच्या बाजूला. मी भाऊंना ओळखत होतो का, असं विचारलं. मी म्हणालो, हो, तीन दिवस आमच्याकडे बसून होते, गाडीला सोडायला तयार नव्हते. त्यांना फार बरं वाटलं. मला खोकला आला.

"मागच्या वेळीही तुम्ही आला होतात ना?" त्या म्हणाल्या. "हा खोकला ऐकला होता मी."

"हो."

"मग तेव्हा का नाही सांगितलंत? तेव्हा मला दिसत होतं."

त्यात राग नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मुलगी माझ्याकडे बघत होती. बॉनेट, भिंग, डॉक्टरीणबाई, सगळं आठवत होतं आणि त्यातलं काहीही त्या खोलीत बोलण्यासारखं नव्हतं.

"त्यांना मी विचारलंच नाही, मावशी," जावईबापू म्हणाले. "माझा सगळा भरवसा कागदावर. एकदा गॅरेजमध्ये जाऊन विचारलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. चूक माझी आहे."

बाईंनी त्याचं डोकं चाचपडून शोधलं आणि त्यावर हात ठेवला. म्हणाल्या, असू दे, एवढं कोण करतं हल्ली. त्यांचा त्याच्यावर विश्वास बसला.

परतताना रिकामा खोका मांडीवर घेऊन तो खिडकीतून बाहेर बघत होता. मी म्हणालो, कशाला सांगितलंत तसं? तो म्हणाला, "दादा, पुढे डावीकडे घ्या. एका दवाखान्यात कवळी द्यायचीये, उशीर झालाय." बहीण म्हणते, त्याचं मनच मोठं आहे. मला तसं वाटत नाही. मला वाटतं त्यानं मला त्या डॉक्टरीणबाईंच्या बॉनेटसारखं बघितलं, कण कुठे आहे ते त्याला दिसलं, आणि या वेळी त्यानं ते कोणाला दाखवलं नाही. त्याचा इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता.

तो अजूनही महिन्यातून एकदा ब्रेक ऑइल न्यायला येतो. हातातलं काम टाकून मी स्वतः उठतो आणि डबा काढून देतो. त्याला कपाट उघडू देत नाही.